संयुक्त राष्ट्रांत दहशतवादविरोधी कामाचं डी-१ पद: पोलीस सेवेचा अनुभव पुरतो का?

प्रश्न: सीटेड (दहशतवादविरोधी समितीचं कार्यकारी संचालनालय) आणि यूएनओसीटी (संयुक्त राष्ट्रांचं दहशतवादविरोधी कार्यालय), दोन्हीकडे डी-१ (संचालक दर्जाची) पदं निघतात. फरक काय, आणि अर्जात भर कशावर द्यायचा?

उत्तर १: आधी फरक समजून घ्या, बरेच अर्ज तिथेच घसरतात. सीटेड सुरक्षा परिषदेच्या दहशतवादविरोधी समितीसाठी काम करतं. संबंधित देशाच्या संमतीनं तिथे जाऊन परिषदेच्या २००१ च्या दहशतवादविरोधी ठराव १३७३ ची अंमलबजावणी तपासतं: दहशतवाद्यांचा निधी गोठवणं, सीमांवरचं नियंत्रण, खटले. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबईत ताजमध्ये बसली ती हीच समिती. यूएनओसीटी महासभेनं २०१७ मध्ये उभं केलं. त्याचं काम समन्वय आणि प्रशिक्षण. सीटेडसाठी कायदा आणि अहवाललेखन दाखवा, यूएनओसीटीसाठी प्रकल्प चालवल्याचा अनुभव.

उत्तर २: डी-१ ला साधारण १५ वर्षांचा अनुभव मागतात. नुसत्या पोलीस कारवाया लिहून भागत नाही. हाताखाली किती माणसं, बजेट किती, सही कुणाची, हे आकड्यांत हवं. मुलाखतीत "आम्ही केलं" म्हणालात की गुण गेले. निर्णय तुमचा कोणता, ते सांगा. मानवाधिकार हा संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या जागतिक दहशतवादविरोधी रणनीतीचा चौथा स्तंभ आहे, त्यावर प्रश्न येतोच असं धरून तयारी करा.

उत्तर ३: यूएनओसीटीचा बराच पैसा देशांच्या ऐच्छिक देणग्यांतून येतो. म्हणून जाहिरातीत पद कोणत्या निधीवर आहे ते बघाच. निधी आटला की करारही अडतो. अर्जाची मुदत न्यूयॉर्कच्या वेळेनुसार रात्री ११:५९ ला संपते, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी ९:२९.