मदत हवी आहे: म्हशीवर बसणारा विझार्ड जगवायचा कसा?

मंडळी, हसायचं असेल तर आधी हसून घ्या मग पुढं वाचा. माझा डी अँड डीमधला नोम (बुटक्या जमातीचा) विझार्ड, म्हणजे जादूगार, म्हशीवर बसून फिरतो.

आम्ही पाच जण दर रविवारी संध्याकाळी राजारामपुरीत एकाच्या घरी डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून पात्रं रंगवायचा खेळ) खेळतो, पाचवी आवृत्ती, २०१४ चं पुस्तक. सगळ्यांनी घोडे घेतले आणि मी म्हटलं कोल्हापुरात राहून घोडा कशाला, म्हैस घेऊ की. नाव चंद्री. डीएम (खेळ चालवणारा) पुण्याचा आहे (म्हणजे नियम म्हणजे नियम), त्याला पुस्तकात म्हैस सापडेना म्हणून त्यानं ड्राफ्ट हॉर्सचे आकडे लावले, लार्ज साईझ, एसी (बचावाचा आकडा) १०, १९ एचपी (जीव), चाल ४० फूट. नोम स्मॉल असतो आणि वाहन आपल्यापेक्षा एक साईझ तरी मोठं लागतं, त्यामुळं बसायला अडचण नाही. अडचण खाली पडल्यावर सुरू होते.

मागच्या रविवारी मी वेब (जाळं टाकायची स्पेल, म्हणजे मंत्र) टाकून तीन ऑर्क (राक्षस) अडकवले होते, मस्त चाललेलं. चौथा बाहेर होता. आधी कुणीतरी बाण मारला, मी शील्ड (ढालीची स्पेल) वापरून वाचलो, आणि त्याच राऊंडला त्या चौथ्यानं चंद्रीला ढकलून आडवी पाडली. वाहन पडताना रिअ‍ॅक्शन (राऊंडला एकदाच मिळणारी झटपट कृती) वापरून पायावर उतरता येतं, पण माझी रिअ‍ॅक्शन शील्डमध्ये गेलेली, म्हणून मी पण धाडकन आडवा. डीएम म्हणाला पडलास म्हणजे कॉन्सन्ट्रेशन (स्पेल चालू ठेवायची एकाग्रता) गेलं, वेब गेला, ऑर्क सुटले, आणि पुढचं तुम्हाला कळलंच असेल. वर नोमची चाल २५ फूट, उठायला अर्धी गेली आणि परत म्हशीवर चढायला अर्धी गेली, म्हणजे एक टर्न नुसती चढण्या-उतरण्यातच.

आता तो म्हणतोय की चंद्री पळत असताना दरवेळी १० ची कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (काटकपणाचा बोनस धरून फाशावर किमान १० आणायचे) टाकायची, कारण पुस्तकात वादळातल्या जहाजावर लाट अंगावर आली तर तशी सेव्ह मागता येते असं लिहिलंय. माझा बोनस +२, म्हणजे फाशाच्या २० तले ७ आकडे मला घातक. दर टर्नला हे टाकायचं म्हटलं तर कोण कॉन्सन्ट्रेशनची स्पेल टाकेल?

आणि त्याचं म्हणणं म्हैस स्वाराची सवय असलेली नाही म्हणून ती कंट्रोल्ड (स्वाराच्या हुकमात चालणारं) वाहन होऊच शकत नाही, ती तिच्या इनिशिएटिव्हवर (खेळायच्या क्रमावर) तिच्या मनानं चालणार. अरे बाबा, दिवाळी पाडव्याला इकडं ये, शिंगं रंगवलेल्या म्हशी मालकाच्या मोटरसायकलच्या मागं कशा सुसाट पळतात बघ, मालकाच्या एका आवाजावर. यापेक्षा ट्रेनिंग काय असतं? तर म्हणे ती मागं पळते, पाठीवर कोण बसलंय? खरंतर याचं उत्तर मला सुचलं नाही.

मुख्य प्रश्न हा की मी आता लेव्हल ४ ला येतोय आणि एकच फीट (खास कौशल्य) मिळणार, किंवा इंटेलिजन्स +२. वॉर कास्टर (कॉन्सन्ट्रेशन टिकवायला मदत करणारा) घेऊ की माऊंटेड कॉम्बॅटंट (वाहनावरून लढायचा)? आणि लेव्हल ५ ला फँटम स्टीड (जादूचा घोडा) मिळते, रिच्युअल (विधी) म्हणून फुकटात, चाल १०० फूट. पार्टीतले म्हणतात म्हैस विकून टाक. मी विकणार नाही. पण खरंच ओढूनताणून खेळतोय का मी?

प्रतिसाद १
भावा, पडल्यानं कॉन्सन्ट्रेशन जात नाही. डॅमेज बसला तर सेव्ह, बेशुद्ध किंवा इनकॅपॅसिटेटेड (काहीच करता न येण्याजोगा) झालास किंवा मेलास तर जातं, नाहीतर दुसरी कॉन्सन्ट्रेशनची स्पेल टाकलीस तर. नुसता आडवा पडलास तर वेब तसाच राहायला हवा होता, डीएमला पान उघडून दाखव. जहाजाची सेव्ह मागायचा त्याला अधिकार आहे पण ती वादळासाठी आहे, रोजच्या पळण्यासाठी नाही, नाहीतर मग घोडेवाल्या क्लेरिकला (पुजाऱ्याला) पण लाव म्हणावं. कंट्रोल्ड करून घेच काहीही करून, कारण मग ती तुझ्या टर्नला डिसएंगेज करते (शत्रूपासून सुखरूप बाजूला होते), तू शॉकिंग ग्रास्प (विजेचा झटका) मारायचास आणि फुकटचा फटका न खाता निघून जायचं. शिंग मारायला मिळणार नाही तेवढं सोडून दे.

प्रतिसाद २
फीट वगैरे नंतर, आधी रोज सकाळी म्हशीला मेज आर्मर (जादूचं कवच) घाल. तुझ्यावरच टाकायला पाहिजे असं कुठं लिहिलंय, चिलखत नसलेल्या कुठल्याही राजी प्राण्याला चालतं. एसी १० चा १३ होतो, आठ तास, कॉन्सन्ट्रेशन नाही. माऊंटेड कॉम्बॅटंटमुळं तिच्यावरचा वार तू अंगावर घेऊ शकतोस, पण तू विझार्ड, तू घेऊन काय करणार, तूच मरशील. मात्र लेव्हल ५ नंतर समोरून फायरबॉल (आगीचा गोळा) आला तर सरासरी २८ डॅमेज, सेव्ह चुकली की चंद्री गेली. तो फीट असेल तर सेव्ह लागली की शून्य, चुकली तरी १४, १९ एचपीत भागतं.

धागाकर्ता
पडल्यानं वेब जात नाही हे पान दाखवलं, डीएमनं मान्य केलं, मागचे ऑर्क मात्र परत अडकवणार नाही म्हणाला. म्हैस कंट्रोल्ड करायला गावात १० दिवस राहून तिला शिकवायचं असं ठरलं, पार्टी वैतागलीय. वरनं त्यानं नवीन काढलंय की म्हैस दिवसभर पाण्यात बसते म्हणजे ती पाण्यातलं वाहन, म्हणजे साधी खोगीर चालणार नाही, ६० सोन्याची एक्झॉटिक घ्यावी लागणार. माझ्याकडं ४१ आहेत. यावर काही नियम असेल तर रविवारच्या आत सांगा.