थर्मोपिली: शेवटच्या दिवशी फक्त ३०० नव्हते

ग्रीसमधल्या थर्मोपिली खिंडीत ग्रीकांनी इराणी सैन्याला अडवलं, त्या लढाईबद्दल 'शेवटपर्यंत ३०० स्पार्टनच (ग्रीसमधल्या स्पार्टा नगरीचे सैनिक) लढले' असं म्हटलं जातं, त्यात भर घालतो. इ.स.पू. ४८० मध्ये तिसऱ्या दिवशी थेस्पिया या ग्रीक नगरीचे ७०० सैनिक, म्हणजे थेस्पियनही, स्वखुशीने खिंडीत थांबले होते. त्यांचा विसर पडतो याचं फार वाईट वाटतं. थीब्ज या ग्रीक नगरीचे थीबनही होते, पण त्यांनी अखेरीस शरणागती पत्करली.

मोर्चा ढासळला तो मागून. खिंडीला वळसा घालणाऱ्या अनोपियाच्या डोंगरवाटेवर १,००० फोकियनांचा (ग्रीकांच्या बाजूच्या फोकिस प्रांतातल्या सैनिकांचा) पहारा होता. बाणांचा वर्षाव होताच, हल्ला आपल्यावरच आहे असं समजून ते वर चढून लढायला सज्ज झाले आणि वाट मोकळी पडली. इराणी सरळ पुढे निघून गेले. खाली खिंडीत ग्रीकांचे भाले मोडल्यावर तलवारी चालल्या. शेवटी खिंडीतल्या संरक्षक भिंतीमागच्या कोलोनोस टेकडीवर त्यांना चहूबाजूंनी वेढा पडला. तिथे १९३९ च्या उत्खननात बाणांची पुष्कळ टोकं सापडली.