दिनक्रम बदलला की दुसरीतली मुले बावरतात. त्यांना बदलाशी जुळवून घ्यायला कसे शिकवावे?

प्रश्न (शिक्षिका, पहिली-दुसरी)

नमस्कार. माझी शाळा द्विशिक्षकी आहे. सहकारी शिक्षक प्रशिक्षणाला गेले की चारही वर्ग एकाच खोलीत बसतात आणि त्या दिवशी दुसरीतल्या काही मुलांचे कशातच लक्ष लागत नाही. गेल्या आठवड्यात पावसामुळे खिचडी पाराऐवजी व्हरांड्यात वाढली, तेव्हा एक मुलगा ताट मांडीवर घेऊन पाराकडे पाहत राहिला. ‘आपली जागा तिकडं आहे’, एवढेच तो म्हणत होता. खिचडी निवून गेली तरी त्याने घास घेतला नाही. हा हट्ट आहे असे मला वाटत नाही. अशा मुलांसाठी वर्गात काय करावे?

उत्तर (बालमानसशास्त्राचे अभ्यासक)

मॅडम, आपले निरीक्षण योग्य आहे. मानसशास्त्रज्ञ फिलिप झेलाझो यांच्या चाचणीत मुलांना चित्रांची कार्डे आधी रंगानुसार आणि मग आकारानुसार लावायला सांगतात. तीन वर्षांची बहुतेक मुले नवा नियम तोंडाने बरोबर सांगतात, पण त्यांचा हात मात्र जुन्याच नियमाने चालतो; पाचव्या वर्षापर्यंत बहुतेकांना ते जमू लागते. नियम कळणे वेगळे आणि त्याच्याकडे मन वळणे वेगळे. दुसरीच्या मुलांना चिंचोके, बटणे, खडे देऊन टाळी वाजली की लावण्याचा नियम बदलण्याचा खेळ घ्यावा. चुकणाऱ्याला बाद मात्र करू नये, कारण भ्यालेले मूल जुन्या नियमालाच घट्ट धरून बसते.

उत्तर (प्राथमिक शिक्षक)

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘सत्तावीस’बरोबर ‘वीस सात’ असे संख्यावाचन आले, तेव्हा आम्हा मोठ्यांतच कुरकुर झाली. माझ्या वर्गातली मुले मात्र लवकर रुळली. काड्यांचे दोन गठ्ठे आणि सात सुट्या काड्या समोर ठेवून मी दोन्ही नावे म्हणून घेत असे. एका मुलीने तर ‘एकोणतीसमध्ये तीस कुठून आले?’ असे विचारले, आणि तो सगळा तास ‘तिसाला एक कमी’ समजून घेण्यात गेला. एक उदाहरण दोन रीतींनी सोडवण्याची सवय लागली, की वाट बदलण्याचे भय कमी होते, असा माझा अनुभव आहे.

उत्तर (शिक्षक, बीड जिल्हा)

मला थोडे वेगळे सांगायचे आहे. माझ्या वर्गातली काही मुले दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि कारखान्याचा गाळप हंगाम संपल्यावर परततात. बदल त्यांच्या वाट्याला पुरेसा आलेला असतो. त्यांना हवे असते ते काहीतरी कायमचे. म्हणून त्यांची बसायची जागा आणि नाव लिहिलेला वह्यांचा कप्पा आम्ही त्यांच्या माघारी कोणाला देत नाही. आपल्याकडेही बदल होणार असेल तर तो परिपाठातच सांगावा आणि फळ्यावरच्या वेळापत्रकातली ती ओळ मुलांच्याच हातून पुसून नव्याने लिहून घ्यावी. त्या मुलाला व्हरांड्यातली जागा स्वतः निवडू द्यावी आणि पारावर त्याच्या शेजारी बसणारी मुलेच तिथेही त्याच्या शेजारी बसवावीत.