मदत हवी आहे: आबांना मशीन लावूनही शब्द कळत नाहीत

राजारामपुरीकर: आबांना (वय ७४) दोन महिन्यांपूर्वी कानाचं मशीन घेतलं. स्वयंपाकघरात ताट पडलं की दचकून कान धरतात. नात म्हणाली, "आबा, चहात साखर घालू?" तर म्हणाले, "भाकर नको आत्ता." दुकानात तीन हेलपाटे झाले, दर वेळी नुसता आवाज वाढवून देतात. आता मशीन डबीत पडून आहे. सेटिंग नीट कुठे करून मिळेल? लवकर सांगा. जेवताना गप्प बसून राहतात, ते बघवत नाही.

पंचगंगा_घाट: एका कानाला की दोन्ही? ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) कुठाय?

गंगावेशकर: भावा, डिजिटलच्या नादाला लागू नको. आमच्या मामांचं खिशातलं मशीन हाय, चाक फिरवलं की झालं. लई वर्षं चाललंय.

श्रवण_कोल्हापूर: चाकानं सगळेच सूर वाढतात. वयामुळे बहुतेकांचे आधी चढे सूर जातात. स, श, ख यांची ओळख तिथंच असते. खालचे सूर शाबूत, म्हणून आवाज येतो, शब्द येत नाही. शिवाय बारीक आवाज ऐकू येत नसला तरी मोठा सहन होण्याची हद्द वाढत नाही. म्हणून बारीक जास्त उचलायचा, मोठा कमी. यालाच कम्प्रेशन म्हणतात.

गंगावेशकर: मामांना ऐकू येतंय की! पुस्तकातलं सांगू नका.

राजारामपुरीकर: दोन्ही कान बसलेत, मशीन डाव्यालाच. रिपोर्ट (हर्ट्झ म्हणजे सुराची उंची, डेसिबल म्हणजे ऐकू यायला किमान किती मोठा आवाज लागतो ते): ५०० हर्ट्झला ३५ डेसिबल, १००० ला ४५, २००० ला ६०, ४००० ला ७५. तपासणी गेल्या वर्षीची.

श्रवण_कोल्हापूर: हे आधी सांगायचं हो! जुन्या रिपोर्टवर मशीन लावलंय. आधी नवी तपासणी. दुकानात बहुधा 'फर्स्ट फिट', म्हणजे रिपोर्टवरून सॉफ्टवेअरनं आपोआप दिलेलं सेटिंग, करून सोडलं असणार. त्यातलं सूत्र सरासरी कान धरून आकडे देतं, आबांच्या कानाची नळी तशीच असेल असं नाही. 'रिअल इअर मेजरमेंट' करता का, हे स्पष्ट विचारा. पडद्याजवळ बारीक मऊ नळी सरकवून, मशीन लावलेलं असतानाच आत किती आवाज पोचतो ते मोजतात. सोबत कुठला आवाज टोचतो तेही तपासतात. ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेच्या, नोंदणीचाच बघा. दोन्ही कानांना मशीन लागेल का, तेही विचारा.

सुखी_माणूस: कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशननं कानात बसवायचं यंत्र) करून टाका, कायमचा प्रश्न मिटेल.

पंचगंगा_घाट: या रिपोर्टवर ऑपरेशन? काहीही काय! आधी सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या कान-नाक-घसा ओपीडीत मळ बघून घ्या. सकाळी लवकर जा, गाडी लावायला जागा नसते.

सुखी_माणूस: दसरा चौकात लावा की.

गंगावेशकर: तिथं कुठली जागा! रिक्षानं जावा.

राजारामपुरीकर: सोमवारी रिक्षानंच नेतो. आबांना काय टोचतं, काय निसटतं ते लिहायला वही केली. कुकरची शिट्टी: टोचली. नातीची हाक पाठीमागून: नाही. समोरून: हो.