मदत हवी आहे – बोटांच्या ठशांचं श्रेय नक्की कुणाला द्यायचं?

मंडळी, लेकीच्या विज्ञान प्रदर्शनाचा विषय आहे फिंगरप्रिंट, आणि चार्टवर मधोमध फोटो कुणाचा लावायचा यावरून घरात दोन दिवस वाद चाललाय. पुस्तकात बंगालचा इंग्रज पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री दिलाय, कारण ठशांचं वर्गीकरण करायच्या पद्धतीला नावच 'हेन्री सिस्टिम'. पण वाचत गेले तर वेगळंच निघालं, कलकत्त्यात हेन्रीच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस हे दोघे काम करायचे, आणि ठशांची 1024 खणांत विभागणी करायचं गणित हकनं बसवलं! 1897 ला तिथे फिंगरप्रिंट ब्युरो सुरू झाला, नाव मात्र साहेबाचं. नंतर यांना खानबहादूर, रायबहादूर केलं आणि थोडे पैसे दिले, झालं.

बरं त्याच्या आधीचा घोळ अजूनच मोठा. विल्यम हर्शल या इंग्रज अधिकाऱ्यानं 1858 मध्येच बंगालमध्ये राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला होता, पण गुन्हेगार असा पकडता येईल हे 1880 ला 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापलं जपानमधल्या डॉक्टर फॉल्ड्सनं. मग श्रेयावरून दोघांचं भांडण, त्यात ठशांवर संशोधन करणारा शास्त्रज्ञ गाल्टन हर्शलच्या बाजूनं. बिचारा फॉल्ड्स शेवटपर्यंत पत्रं लिहीत बसला. आणि 1892 ला ठशावरून खून शाबित केला तो अर्जेंटिनात, तिथल्या पोलीस खात्यातल्या वुसेटिचच्या पद्धतीनं, तो तर आमच्या पुस्तकात नाहीच.

मला तर हक-बोसच मधे हवेत. तुम्ही काय कराल? आणि या दोघांवर मराठीत सातवीच्या मुलीला झेपेल असं काही वाचायला आहे का? शनिवारपर्यंत हवंय.