मदत हवी आहे: ग्रीन कार्नेशनचा सुरुवातीचा काळ

नॉर्वेच्या क्रिस्टियानसांडमधल्या ग्रीन कार्नेशन या मेटल बँडबद्दल इथे कोणाला नीट माहिती आहे का? मित्रांसाठी या बँडवर एक छोटं टिपण लिहितोय. १९९० मध्ये चॉर्टने बँड सुरू केला, मग तो एम्परर या ब्लॅक मेटल बँडमध्ये बास वाजवायला गेला आणि मागे राहिलेल्यांनी इन द वूड्स हा बँड काढला, इथपर्यंत ठीक. १९९८ मध्ये बँड पुन्हा उभा राहिला, तेव्हा याच जुन्या मंडळींपैकी कोण कोण परतलं आणि किती काळ टिकलं, हे कोणी सांगेल का?

दुसरं, २००१ चा अल्बम 'लाइट ऑफ डे, डे ऑफ डार्कनेस'. तासभराचं एकच गाणं! चॉर्टने मुलगी गमावली आणि नंतर मुलगा झाला, त्यातून ते आलंय. एवढं लांब असूनही कुठे ताणल्यासारखं वाटत नाही (माझं मत, भांडू नका). त्याच्या रेकॉर्डिंगबद्दल चॉर्टची सविस्तर मुलाखत कोणी वाचली आहे का?

आणि १९९१ चा डेमो कोणाकडे कॅसेटवर असेल तर कव्हरवरची नावं तेवढी टाका. 'द अकूस्टिक व्हर्सेस' या अल्बमनंतर बँड का थांबला, तेही माहीत असेल तर सांगा. २०२० चा अल्बम ऐकलाय, त्याची लिंक नको.