मदत हवी आहे: आफ्रिकन आर्टमध्ये क्युरेटर कसं व्हायचं?

नमस्कार मंडळी, मी मूळची साताऱ्याची, नवऱ्याच्या नोकरीमुळे केपटाऊनला असते. इथे एका छोट्या गॅलरीत काम करते, म्हणजे काय तर चित्रं बबलरॅपमध्ये गुंडाळायची, ओरखडा दिसला की कंडिशन रिपोर्टमध्ये लिहायचा आणि ओपनिंगला वाईनचे ग्लास भरायचे. पण धान्याच्या जुन्या सायलोत २०१७ ला उघडलेलं झाइट्स मोका हे आफ्रिकन आर्टचं म्युझियम बघितल्यापासून क्युरेटर (म्हणजे प्रदर्शनं ठरवणारी, मांडणारी) व्हायचंच डोक्यात बसलंय. तिथल्या आधीच्या डायरेक्टर कोयो कुओ, २०२५ ला वारल्या त्या, आधी बँकिंग शिकल्या होत्या आणि मग सेनेगलमधल्या डाकारला ‘रॉ मटेरियल कंपनी’ नावाचं आर्ट सेंटर उभं केलं, त्यामुळे माझं बीकॉम अगदीच वाया नाही अशी मनाची समजूत घालते 😄

आता प्रश्न असा की यूसीटीचा (केपटाऊन युनिव्हर्सिटीचा) क्युरेटरशिपचा ऑनर्स कोर्स करू, का ‘१-५४’ सारख्या आफ्रिकन आर्टच्या फेअरना जाऊन आधी ओळखी वाढवू? गॅलरीतच राहिले तर विक्रीतच अडकेन अशी भीती वाटते. आणि माझ्यासारख्या बाहेरच्या बाईने इथल्या कलाकारांवर शो करणं खटकेल का हो? या लाइनमधलं कोणी असेल तर प्लीज सांगा.